नाच्याचा चुडा

पुण्यात बांगड्या भरणाऱ्या कासारणी हव्या तितक्या मिळतील, पण पुरुषांच्या हातात बांगड्या भरणारी मी एकटीच. हसता काय? खरं तेच सांगते. तमाशाच्या फडात बाईचं सोंग घेऊन नाचणारे गडी असतात ना, नाचे म्हणतात त्यांना, ते शिमगा जवळ आला की माझ्या ओट्यावर मनगटं पुढे करून बसतात. कुणी आधी मोट हाकलेली, कुणी लाकडं फोडलेली. हाताला घट्टे, बोटांची पेरं ही एवढाली! त्यावरून काचेची बांगडी चढवायची म्हणजे खायचं काम नाही. मी ओरडते, ते कण्हतात, आणि गल्लीतल्या पोरांना फुकट करमणूक होते. आता हे लोण माझ्याच दारात का आलं, ते ऐका.

तेव्हा मी तरणीताठी होते. सदाशिव पेठेत आमचं दोन खणांचं घर, पुढे ओटा, ओट्यावर दोरीला ओवलेल्या बांगड्यांच्या माळा. घरात आम्ही तिघंच: मी, माझे घरधनी आणि सासूबाई. सासूबाईंच्या हाताला पूर्वी मोठं नाव होतं. कसलाही आडमुठा हात असो, बाईला कळायच्या आत बांगडी मनगटावर. पण सासरे गेले आणि त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्या हाताला हात लावला नाही. विधवेच्या हातून कोणती सवाष्ण चुडा भरून घेईल? त्या आतल्या खोलीत बसून बांगड्या निवडायच्या, आणि तिथूनच मला टोमणे मारायच्या.

लष्कर मोहिमेवर निघालं की त्याच्या मागे अख्खा बाजार निघतो. वाणी निघतो, तांबोळी निघतो, शिंपी निघतो. लष्करात बायकाही असतात, आणि बायका म्हटल्या की कासार लागतोच. उत्तरेची मोहीम ठरली तसे आमचे धनी म्हणाले, "जाऊन येतो. चार पैसे जास्त मिळतील." निघायच्या सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने माझे हात भरले. हिरव्यागार बांगड्या, आणि चांगल्याच घट्ट.

"अहो, रुततात की!" मी म्हटलं.

"रुतू देत. सैल बांगडी कुठेतरी आपटते आणि वाढते. मी आलो की मीच उतरवीन."

मग ते गेले. पावसाळा गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. मोहिमेवरची माणसं एकेक करून परतू लागली, पण आमच्या दारात कुणी आलं नाही. ते आहेत की नाहीत, एवढंच मला कळायला हवं होतं. त्या उत्तरावर माझं कुंकू होतं आणि घरातली चूलसुद्धा होती, कारण मी विधवा झाले तर आमच्या ओट्यावर फिरकणार कोण? पेठेतल्या बायका बांगड्या भरता भरता माझ्या हातांकडे बघायच्या. "कासारणीच्याच हातात जुना चुडा!" म्हणून चिडवायच्या. "तुमच्यासाठी नव्या ठेवल्यात, माझ्यासाठी नवरा आणणार आहे," असं मी ठसक्यात सांगायचे. रात्री मात्र त्याच बांगड्या चाचपत पडून राहायचे.

सासूबाई रोज शनिवारवाड्यापुढच्या मंडईत जायच्या. भाजी हे नुसतं निमित्त. मोहिमेवरून आलेली माणसं तिथे भेटायची, त्यांना त्या अडवून अडवून विचारायच्या. वारज्याची एक माळीण तिथे बसायची, तिचा मुलगाही लष्करी बाजारातच गेला होता. "माझा बी तिकडंच हाय, एकाला कळलं की दुसरीला कळवायचं," असा दोघींचा करार होता.

पौषातली गोष्ट. कडाक्याची थंडी. सासूबाई मंडईतून आल्या त्या लुगड्यासकट निथळत. भाजी नाही, टोपली नाही, ओठ निळे पडलेले. "नदीवर पाय धुवायला गेले, घसरले," म्हणाल्या. मी अशी तणतणले म्हणता! "ह्या वयात नदीवर जायचं नडलं होतं का? आजारी पडलात तर निस्तरणार कोण?" एरवी त्या माझं एक वाक्य खाली पडू द्यायच्या नाहीत. त्या दिवशी पडू दिलं. लुगडं बदललं आणि चुलीपुढे जाऊन भाकऱ्या थापायला लागल्या. त्यानंतर मंडईत जाणं त्यांनी बंदच केलं. "पाय दुखतात," म्हणाल्या. मी जाऊ लागले. ती माळीण माझ्याकडे बघायचीच नाही, खाली मान घालून मेथीची जुडी वर फुकट घालायची. मला वाटलं, बाई स्वभावाने चांगली आहे.

आणि माघात पेठेत तो फड उतरला. अगबाई, काय धांदल उडाली! सदाशिव पेठेतल्या एका सरदारांनी शिमग्याच्या खेळासाठी त्यांना बोलावलं होतं. डफ, तुणतुणं, कडं, सगळं बैलगाडीतून उतरताना आम्ही बायका दाराआडून बघत होतो. त्यांचा नाईक म्हणजे महाहट्टी माणूस. विरहाच्या लावण्या आम्हीही ऐकलेल्या होत्या. धनी मोहिमेवर जातो, बाई झुरते, आणि शेवटी धनी घोड्यावरून दारात येतो. येतोच! पण ह्या नाईकाने नवीन गोष्ट बसवली होती. शिलेदार आणि सोनाराची मुलगी यांची नदीवर नजरानजर होते, घरचे आडवे येतात, दोघं काय काय सोसून लग्न करतात, हळद उतरायच्या आत त्याला मोहिमेवर जावं लागतं, आणि तो येत नाही. त्याचं नुसतं पागोटं येतं.

"ह्या खेळात नवरा मरतो म्हणे!" ही बातमी पेठेत वणव्यासारखी पसरली. कुणी म्हणालं अपशकुन, कुणी म्हणालं शिमग्याच्या दिवसांत हे रडगाणं कुणाला हवंय. आणि सगळ्यांना तो बघायचाच होता. मला तर झोप लागेना. इतकी हुरहूर मला माझ्या लग्नातसुद्धा नव्हती.

कसब्यात त्यांनी एक लहानसा खेळ आधी करून पाहिला, आणि तो साफ आपटला. बायकोचं सोंग घेणारा नाच्या खबर ऐकताच जमिनीवर पडून गडाबडा लोळला, छाती पिटली, टाहो फोडला. पुण्याची माणसं ती! एक आजोबा मागून म्हणाले, "अहो, नवरा गेला की म्हैस?" दुसरे म्हणाले, "घसा साफ झाला असेल तर पुढचं होऊ द्या." मग कसलं दुःख नि कसलं काय, सगळे पोट धरधरून हसले.

दुसऱ्या दिवशी तो नाच्या माझ्या ओट्यावर. सडसडीत बांध्याचा, मिसरूड काढलेला, डोळे रडून सुजलेले. खोटं रडून नव्हे, खरं रडून.

"वहिनी, बांगड्या हव्यात. काचेच्या. खेळात फोडायच्या आहेत. खरा आवाज आला तर लोक हसणार नाहीत."

माझं डोकंच फिरलं. "फोडायला? अरे, भरायला बसलेय मी इथं! ऊठ आधी!"

तो उठला नाही. "नाईक म्हणतो, ह्या खेळात जमलं नाही तर दुसरा गडी बघतो. मी कुठं जाऊ? मला नाचण्याखेरीज काही येत नाही." आणि मग हळूच म्हणाला, "वहिनी, बाईला अशी खबर येते तेव्हा ती काय करते हो? मी ज्याला त्याला विचारतो. कुणी सांगतच नाही."

कोण सांगणार? असलं तोंडातून काढणंसुद्धा वाईट. पण मी बघितलेलं होतं, आणि बघितलेलं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, ही माझी जन्माची खोड. आमच्या गल्लीत एका तरण्या पोरीचा नवरा तापाने गेला तेव्हा मी तिथे होते. मी म्हटलं, "हे बघ, ती लोळली नाही. ओरडली नाही. तिने दोन्ही हात पदरात गुंडाळले, पाठीमागे नेले आणि भिंतीला टेकून बसली. बायका म्हणत होत्या, हात दे. ती नुसती मान हलवत होती. पोर हातातला खाऊ लपवतं ना, तशी."

त्याने तिथेच माझ्या ओट्यावर करून पाहिलं. पहिल्यांदा हसू आलं. मी म्हटलं, "खांदे पाड. तोंड वेडंवाकडं करू नकोस. तुला काही कळलेलंच नाही असं बघ." पुन्हा केलं. पुन्हा. मग तो रोज यायला लागला, आणि मला काय चेव चढला! हातात बांगड्यांची माळ, समोर गिऱ्हाईक, आणि मी म्हणतेय, "आता पाठ टेक! घाई करू नकोस रे मेल्या!" गिऱ्हाइकं आपला चुडा विसरून बघत बसायची. गल्ली जमायची. मी शिकवतेय आणि तो शिकतोय, ह्याचं मला कोण अप्रूप!

सासूबाईंचं आतून सुरू व्हायचं. "दारात असल्या गोष्टी करायच्या नाहीत. दिवेलागणीची वेळ आहे." मी एक ऐकलं नाही. एकदा नाच्याने विचारलं, "वहिनी, आणि त्या शिलेदाराची आई? तिला खबर आधी कळते. ती काय करते?"

मी विचार करत होते. तेवढ्यात आतून सासूबाई बोलल्या, "स्वयंपाक करते."

"ऑं?" तो म्हणाला.

"सून उपाशी असते घरात. स्वयंपाक करते."

मी खो खो हसले. "काय हो सासूबाई, भाकऱ्या थापताना कोण बघेल तमाशात? लोक उठून जातील!"

खेळाच्या दिवशी सकाळी मी त्याचे हात भरले. शेवटी कबूल झालेच होते ना! म्हटलं, फोडायच्या तर फोड, पण माझ्या हातून भरलेल्या बांगड्या भरल्यासारख्या भरल्या जातील. तेल लावलं, अंगठा तळहातात दुमडायला लावला, आणि एकही न मोडता चुडा चढवला. आमच्यात रीत आहे, हात भरून झाले की बाईने कासारणीला नमस्कार करायचा. त्याने वाकून केला, आणि सवयीने माझ्या तोंडून गेलं, "अखंड सौभाग्यवती हो!" अख्खा ओटा हसला. तोही हसला, मिसरुडाच्या जागी हात ठेवून. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी पण येते खेळाला." मला नवलच वाटलं. इतके दिवस नाक मुरडत होत्या, आणि आज येते म्हणतात! मी म्हटलं, बाईला पाझर फुटला. खुशीत मी त्यांचा हात धरून निघाले.

सरदारांच्या पटांगणात तिसऱ्या प्रहरीच गर्दी झाली होती. पुरुष समोर, बायकांना एका बाजूला कनात लावून जागा. आम्ही अगदी कनातीच्या फटीपाशी बसलो. डफावर थाप पडली आणि मी फटीला डोळा लावला. नाच्या आला तो नाच्या राहिलाच नव्हता! नदीवर ती सोनाराची पोर घागर भरते काय, शिलेदार घोड्याला पाणी पाजतो काय, ती त्याच्याकडे न बघता बघते काय! आमच्या कनातीत बायका एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. लग्न लागलं तेव्हा तर आम्ही टाळ्याच पिटल्या, खरंच लग्न असल्यासारख्या.

मग पागोटं आलं.

डफ थांबला. नाच्याने पागोट्याकडे पाहिलं, आणि तसंच केलं. खांदे पडले. दोन्ही हात पदरात गेले, पदर पाठीमागे गेला. तो मागे सरत खांबाला टेकला. तोंडावर काही नाही. पटांगणात इतकी शांतता की घोड्यांचं फुरफुरणं ऐकू येत होतं. कसब्यात ज्यांनी म्हशीचा विनोद केला ते आजोबाही होते, त्यांनी उपरणं डोळ्यांना लावलेलं मी पाहिलं. मला वाटलं, ओरडून सांगावं, हे मी शिकवलंय, मी! माझी छाती आनंदाने फुटायची वेळ आली होती.

तेवढ्यात गोष्टीतली म्हातारी आली. तिचं सोंग फडातल्या एका वयस्कर गड्याने घेतलं होतं. त्याच्या हातात दगड. "हात दे पोरी," तो म्हणाला. नाच्याने मान हलवली. "हात दे." पुन्हा मान हलवली. म्हाताऱ्याने त्याचा हात पदरातून ओढून काढला, हिरवा चुडा उन्हात चमकला, दगड वर गेला.

"थांब रे!"

माझ्या शेजारी सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. कनात बाजूला सारून, सगळ्या पुरुषांदेखत.

"ठेव तो दगड! अरे, माझा लेक गेला तरी मी नाही फोडल्या सुनेच्या! पौषापासून रोज बघतेय तिच्या हातांकडे, नाही फोडल्या! तू कोण लागून गेलास फोडणारा?"

त्या म्हाताऱ्या गड्याने दगड खाली ठेवला. नाच्या माझ्याकडे बघत होता. सगळं पटांगण माझ्याकडे बघत होतं. मी खाली पाहिलं तर माझे दोन्ही हात पदरात होते. कधी गेले, मला माहीत नाही.

घरी कशी आले ते नीट आठवत नाही. राग आठवतो. रडू नाही, राग! "पौषापासून? तुम्हाला ठाऊक होतं? मला हसू दिलंत, नाचू दिलंत, त्या मेल्याला शिकवू दिलंत! त्या दिवशी नदीत घसरला नव्हतात तुम्ही!" मी भर रस्त्यात ओरडत होते. ते सुतकाचं स्नान होतं. अंगावरच्या लुगड्यानिशी केलेलं, एकटीने, कुणाला न सांगता. धनी तापाने गेले होते, लष्करी बाजारात, नर्मदेपलीकडे. माळणीच्या मुलाने येऊन सांगितलं होतं. आणि ह्या बाईने घरी येऊन मला भाकऱ्या करून वाढल्या होत्या.

नंतर लोक म्हणाले, धंदा बुडू नये म्हणून लपवलं. म्हणोत बापडे. धंदा तर बुडालाच. दुसऱ्या दिवसापासून एक सवाष्ण ओट्यावर आली नाही. आला तो नाच्या. समोर बसला, हात पुढे केला आणि म्हणाला, "वहिनी, तुमच्याच हातून." मी म्हटलं, अरे, माझा हात आता अशुभ. तो म्हणाला, "मला कुठं नवरा आहे?" त्याच्या मागोमाग दुसऱ्या फडाचे आले, तिसऱ्या फडाचे आले. त्यावर आम्ही दोघी जगलो. त्या खेळात मात्र पुढे कधी बांगड्या फोडल्या नाहीत. तो हात पदराआड घ्यायचा आणि तिथेच डफ थांबायचा.

पण ती संध्याकाळ राहिली सांगायची. आम्ही घरी पोचलो तर दारात शेजारणी जमल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीने दगडसुद्धा आणला होता. रीतच ती, त्यांचं काय चुकलं! सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घर माझं, सून माझी. तुम्ही आपापल्या घरी चुली पेटवा." दार लावून घेतलं. तेलाची वाटी आणली, दिवा जवळ ओढला.

"हात दे."

मी हात मागे घेतले. मला त्या बांगड्या सोडायच्या नव्हत्या. मला ठाऊक होतं त्या निघणार नाहीत. इतक्या घट्ट, इतके दिवस मनगटावर. उतरवणारा एकच होता.

"दे गं पोरी. फोडत नाही. त्याने भरल्यात, मी कशा फोडीन?"

सासरे गेल्यापासून कुणाच्या मनगटाला न लागलेला तो हात माझ्या मनगटाला लागला. कोमट तेल. त्यांनी माझा अंगठा तळहातात दाबला, हाडं एकमेकांवर सरकवली, आणि पहिली बांगडी पेरांवरून आली. सबंध. मग दुसरी. दुखत होतं, त्यांनाही कळत होतं, पण त्या थांबल्या नाहीत. दोन्ही हात मोकळे झाले तेव्हा खाली त्यांच्या फाटक्या लुगड्याच्या तुकड्यावर सगळा चुडा पडला होता. एकही वाढली नव्हती.

त्यांनी तो तुकडा बांधला आणि माझ्या मांडीवर ठेवला. माझ्या उघड्या मनगटांवर दोन्ही हात ठेवून बसून राहिल्या.

"आता रडू या गं," म्हणाल्या. "इतके दिवस मला रडता येत नव्हतं. घरात तू असायचीस."